संकेतस्थळ कोणती फाईल स्वीकारते?

(पंचायत समित्यांचे अधिकारी व कर्मचारी, शिक्षक आणि ग्रामपंचायतींचे सदस्य यांच्यासाठी योजलेल्या जिल्हास्तरीय प्रशिक्षण वर्गात जिल्हा माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



या वर्गात बोलण्याचे निमंत्रण मिळाले तेव्हा मी थोडा संकोचलो. मी कला शाखेचा पदवीधर. संगणकाचे शास्त्र मी रीतसर शिकलेलो नाही. परंतु शासनाची माहिती जनतेपर्यंत नेणे हेच माझे नोकरीतील काम असल्याने, पूर्वी ज्या मजकुराचे लिफाफे वृत्तपत्रांच्या कार्यालयांत पाठवले जात तोच मजकूर आता संकेतस्थळावर चढवण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्या कामात झालेल्या चुकांनी मला जे शिकवले तेवढेच आज आपणांपुढे मांडणार आहे.

आपल्यापैकी अनेकांना एक अनुभव आला असेल. आदेश तयार आहे, वरिष्ठांचा आग्रह आहे, पाच वाजत आले आहेत. आणि फाईल चढवू लागताच पडद्यावर सूचना उमटते, ‘क्षमस्व, या प्रकारची फाईल चढवण्याची आपणांस परवानगी नाही.’ मग आपण संगणकाला, तो पुरवणाऱ्याला आणि शेवटी आपल्या नशिबाला दोष देतो. ही परवानगी कोण देतो, कोण नाकारतो, आणि परवानगी मिळाली म्हणजे आपले काम झाले का, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

संकेतस्थळाची पाने आज कोणी एकेक हाताने रचत नाही. त्यासाठी आशय व्यवस्थापन प्रणाली असते. वर्डप्रेस ही २००३ पासून वापरात असलेली अशी एक प्रणाली. ड्रुपल ही तिच्याही दोन वर्षे आधीची. आपण नाव आणि परवलीचा शब्द देऊन आत जातो, मजकूर लिहितो, छायाचित्र किंवा कागद जोडतो आणि प्रसिद्ध करतो. आपल्या कार्यालयातील आवक शाखेसारखीच ही व्यवस्था आहे. आवक लिपिक जसा कोणतेही पाकीट डोळे मिटून आत घेत नाही, तशीच ही प्रणालीही स्वतःजवळ एक यादी बाळगते. वर्डप्रेसच्या मूळ यादीत छायाचित्रांचे जेपीजी, पीएनजी, जीआयएफ हे प्रकार आहेत. २०२१ पासून वेबपी आणि २०२४ पासून एव्हीआयएफ हे नवे प्रकारही तिने घेतले. कागदपत्रांसाठी पीडीएफ, वर्डच्या डॉक व डॉकएक्स, एक्सेलच्या एक्सएलएस व एक्सएलएसएक्स, पॉवरपॉइंटच्या फायली आणि मुक्त प्रमाणाची ओडीटी हे प्रकार चालतात. ध्वनीसाठी एमपी३, चित्रफितीसाठी एमपी४ आणि असे आणखी काही. ड्रुपल याहून कडक आहे. तिच्यात फाईल जोडण्याची नवी जागा तयार केली की ती आरंभी केवळ साधा मजकूर, म्हणजे टीएक्सटी, तेवढाच घेते. बाकीचे प्रकार व्यवस्थापकाने एकेक करून मान्य करायचे असतात. आपल्या स्थळाचा व्यवस्थापक ही यादी वाढवू शकतो तशी आवळूही शकतो, म्हणून एका कार्यालयात चाललेली फाईल दुसऱ्या कार्यालयात अडते.

हा अडथळा निष्कारण नाही. संकेतस्थळ ज्या संगणकावर वसलेले असते तो काही प्रकारच्या फायली वाचून दाखवतो, तर काही प्रकारच्या फायलींतील आज्ञा पाळू लागतो. पीएचपी ही अशा आज्ञांची फाईल. ती कोणी बाहेरचा मनुष्य आत सोडू शकला, तर सबंध स्थळाच्या किल्ल्याच त्याच्या हाती जातात. एसव्हीजी हा चित्राचा प्रकार दिसायला निरुपद्रवी, बोधचिन्हासाठी उत्तमच; परंतु तो आतून मजकूर स्वरूपाचा असल्याने त्यात आज्ञा दडवता येतात, आणि म्हणूनच वर्डप्रेस तो आपणहोऊन घेत नाही. कोणी दार बंद केले म्हणून रागावण्यापूर्वी एवढे ध्यानात घेतलेले बरे.

यावर आपल्याकडे एक युक्ती प्रचलित आहे, तिचाही उल्लेख केला पाहिजे. फाईलच्या नावाअखेर टिंब देऊन जी तीन-चार अक्षरे येतात त्यांवरून प्रकार ओळखला जातो, हे एकदा कळले की उत्साही मंडळी ती अक्षरेच बदलतात. डॉकएक्स खोडून पीडीएफ लिहिले की झाले पीडीएफ! असे होत नाही. लिफाफ्यावरचा पत्ता बदलल्याने आतले पत्र बदलत नाही. बहुतेक प्रकारच्या फायलींच्या आरंभी त्यांची खरी खूण असते. पीडीएफच्या प्रारंभी टक्क्याचे चिन्ह आणि पी-डी-एफ ही अक्षरे असतात. वर्डच्या डॉकएक्स फाईलच्या आरंभी पी आणि के ही दोन अक्षरे सापडतात, कारण ती खरे तर झिप प्रकारची एक गाठोडी आहे आणि झिपचा निर्माता फिल कॅट्झ याने १९८९ मध्ये आपल्या नावाची आद्याक्षरे तिच्या कपाळी कोरून ठेवली. सावध प्रणाली नाव पाहते आणि ही आतली खूणही पाहते. दोहोंचा मेळ बसला नाही तर ती फाईल परत करते. आणि यदाकदाचित तिने ती घेतलीच, तर गावातल्या वाचकाच्या भ्रमणध्वनीवर ती उघडत नाही.

छायाचित्रांविषयी थोडक्यात सांगतो. ग्रामसभेचे, वृक्षारोपणाचे, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे छायाचित्र जेपीजी प्रकारात द्यावे. नकाशा, आलेख किंवा अक्षरे असलेले चित्र पीएनजीमध्ये द्यावे, कारण जेपीजी जागा वाचवताना अक्षरांच्या कडा धूसर करते. आयफोनवर २०१७ पासून छायाचित्रे एचईआयसी या प्रकारात साठवण्याची सोय आली, आणि ती अनेक स्थळे नाकारतात. त्यांचे जेपीजीत रूपांतर करून घ्यावे. मूळ छायाचित्र चार हजार बिंदू रुंद असते, पानावर बाराशे पुरतात. शिक्षकांसाठी मात्र एक गोष्ट आवर्जून सांगतो. भ्रमणध्वनीने काढलेल्या चित्राच्या पोटात ते कोठे काढले त्या जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदलेले असू शकतात. मुलामुलींची चित्रे जगासमोर ठेवताना ही नोंद काढून टाकणे आपले कर्तव्य आहे.

आता मी ज्या प्रकाराने मला सर्वांत मोठा धडा दिला त्याकडे वळतो. तो म्हणजे पीडीएफ. अडोबी कंपनीने १९९३ मध्ये हा प्रकार प्रथम आणला आणि २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय प्रमाण झाला. कागद कोठेही उघडला तरी जसाच्या तसा दिसावा, हा त्याचा गुण. शासकीय कामाला तो सोयीचा वाटला यात नवल नाही. प्रणालीही तो विनातक्रार घेते. परंतु एकाच पीडीएफ नावाखाली दोन अगदी भिन्न वस्तू वावरत असतात. एक, वर्डमध्ये टंकलेल्या मजकुरातून थेट तयार केलेली, जिच्यात अक्षरे ही अक्षरेच असतात. दुसरी, तोच मजकूर कागदावर छापून, सही-शिक्का घेऊन, स्कॅनरखाली ठेवून तयार केलेली, जिच्यात एकही अक्षर नसते. असते ते अक्षरांचे छायाचित्र. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कार्यालयात होतो तेथे दिव्यांग विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे एक पत्रक आले होते. दोन पाने. मी स्वतः ते स्कॅन केले, किंचित तिरके आले तरी तसेच चढवले आणि घरी गेलो. प्रणालीने हिरव्या अक्षरांत ‘यशस्वी’ असे कळवले होते. मुदत संपायला तीन दिवस उरले असताना एका आश्रमशाळेतील शिक्षकांचा दूरध्वनी आला. ते स्वतः अंध होते आणि त्यांच्या दोन विद्यार्थिनींसाठी अर्ज करू इच्छीत होते. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली ते वापरत. ते म्हणाले, “साहेब, पत्रक उघडलं मी. पण यंत्र म्हणतंय पान कोरं आहे. आपण चुकून कोरं पान तर नाही ना लावलंत?”

पान कोरे नव्हते, गुरुजींच्या यंत्रापुरते मात्र ते कोरेच होते. मी त्यांना ती दोन्ही पाने दूरध्वनीवर वाचून दाखवली. ते ब्रेलमध्ये टिपून घेत होते, त्या टोचणीचा आवाज मला ऐकू येत होता. वाचून झाल्यावर त्यांनी माझे आभार मानले, आणि मला फार ओशाळल्यासारखे झाले. दिव्यांगांसाठीचे पत्रक, आणि तेच त्यांना वाचता येऊ नये! त्या सायंकाळी मी सबंध मजकूर पुन्हा टंकला आणि संकेतस्थळाच्या पानावरच मांडला. त्या तीन दिवसांखेरीजचे जे दिवस गेले त्यांत आणखी कोणाला ते पान कोरे दिसले असेल, हे मला कधीच कळणार नाही.

कायद्याची अपेक्षाही काही निराळी नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याचे कलम ४ म्हणते की माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावी, स्थानिक भाषेचा विचार करावा आणि ती सहज मिळेल अशा रीतीने, शक्यतो इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवावी. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ चा. त्याखालील २०१७ च्या नियमांत संकेतस्थळावरील कागदपत्रे ईपब या प्रकारात किंवा अक्षर-ओळख केलेल्या पीडीएफमध्ये असावीत, असे शब्द होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या प्रकरणात तो नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचा असल्याने मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम करण्यास केंद्र शासनाला सांगितले. म्हणजे ‘जमल्यास करू’ ही भूमिका न्यायालयाला मान्य नाही.

एखादी पीडीएफ खरी की नुसते चित्र, हे ओळखण्यास तज्ज्ञ लागत नाही. ती उघडावी, उंदराने एक ओळ निवडावी, नक्कल करावी आणि नोटपॅडमध्ये चिकटवावी. ओळ निवडताच आली नाही तर ते चित्र आहे. ओळ आली, पण तिच्या जागी रोमन अक्षरे व चिन्हांचा खिचडा उमटला, तर दुखणे दुसरे आहे, आणि ते खास आपल्या भाषेचे दुखणे आहे.

त्याचा इतिहास असा. संगणकावर मराठी टंकलेखन सुरू झाले तेव्हा निरनिराळ्या कंपन्यांनी आपापले फाँट काढले. या फाँटमध्ये संगणकाच्या लेखी रोमन अक्षरच साठवले जाई. केवळ त्या अक्षराच्या जागी देवनागरीचे चित्र दिसे. कोणत्या रोमन अक्षराला कोणते देवनागरी चित्र, हे प्रत्येक कंपनीचे निराळे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की हे प्रमाण ठरवले आणि त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना सामावणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, पण जुनी सवय छपाईच्या धंद्यात आणि आपल्या कार्यालयांत पुढे कित्येक वर्षे टिकली. अशा फाँटमधील वर्डची फाईल प्रणाली आनंदाने स्वीकारते. वाचकाजवळ तो फाँट नसला की त्याला दिसते ती केवळ अक्षरांची धूळधाण. त्याचीच पीडीएफ केली तर फाँट सोबत जातो आणि मजकूर नीट दिसतो; मात्र शोधयंत्राला, वाचून दाखवणाऱ्या यंत्राला, नक्कल करून घेणाऱ्या पत्रकाराला त्यात मराठी सापडत नाही. गावाचे नाव टाकून शोध घेणाऱ्या शेतकऱ्याला ‘काहीही आढळले नाही’ असे उत्तर मिळते, आणि त्याच्या नावाची यादी तर तेथेच पडलेली असते!

यास्तव मूळ टंकलेखन युनिकोडमध्येच झाले पाहिजे. तरीही पीडीएफमध्ये मराठीच्या वेलांट्या आणि जोडाक्षरे नक्कल करताना कधीकधी विस्कटतात, कारण तो प्रकार मुळात दिसण्यासाठी घडवलेला आहे. म्हणून माझी पद्धत अशी की, महत्त्वाचा मजकूर संकेतस्थळाच्या पानावर सरळ लिहायचा आणि पीडीएफ सोबत जोडायची. जुने कागद असतील तर अक्षर-ओळख करून घ्यावी. टेसरॅक्ट या मुक्त साधनात मराठीची सोय आहे. मात्र त्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. देवनागरी एक आणि नऊ यांची गल्लत झाली तर अनुदानाची रक्कमच बदलते.

आकारमानाचा हिशोबही सांगण्यासारखा आहे. मराठीचे एक अक्षरचिन्ह युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट घेते. दोन हजार चिन्हांचे एक पान म्हणजे सुमारे सहा हजार बाइट. तेच पान ए४ आकारात, इंचाला तीनशे बिंदू या मानाने, रंगीत स्कॅन केले तर सुमारे ८७ लाख बिंदू होतात आणि दाबून लहान करण्यापूर्वी त्यांचे ओझे अडीच कोटी बाइटांच्या वर जाते. दाबल्यानंतर ते बरेच उतरते हे खरे, पण मूळ मजकुराच्या कित्येक पट राहतेच. वर्डप्रेस आणि ड्रुपल ज्या पीएचपी भाषेत लिहिलेल्या आहेत तिची मूळ मर्यादा एका फाईलला २ मेगाबाइट इतकीच आहे. व्यवस्थापक ती वाढवू शकतो. डोंगरातल्या पाड्यावरील दूरध्वनीची रेंज मात्र त्याला वाढवता येत नाही.

याद्यांविषयी बोलताना मला थोडी भीतीच वाटते. लाभार्थींची यादी एक्सेलमध्ये करून तशीच चढवली जाते. त्यात आधार क्रमांकाचा रकाना ‘लपवलेला’ असतो. लपवलेला रकाना फाईलमध्ये तसाच असतो. उतरवून घेणाऱ्याने उजव्या कळीने तो उघडला की सर्व क्रमांक समोर. पीडीएफवर काळी पट्टी ओढल्यानेही खालची अक्षरे पुसली जात नाहीत. पुष्कळदा पट्टीखालचा मजकूर निवडून चिकटवता येतो. आधार अधिनियम, २०१६ च्या कलम २९ नुसार आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. तो रकाना मूळ यादीच्या प्रतीतून खोडावा आणि मग त्या प्रतीची नवी फाईल करावी. वर्डच्या फाईलमध्येही कोणी काय सुचवले, कोणते वाक्य कोणी खोडले याच्या नोंदी राहू शकतात. मसुद्यावरील शेरे ज्यांनी लिहिले असतील त्यांना ते वर्तमानपत्रात वाचायला आवडणार नाहीत.

शासन निर्णयांच्या अखेरचे वाक्य आपणांस तोंडपाठ आहे: हा आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे. ही स्वाक्षरी फाईलच्या आत असते. आपण मात्र ती फाईल छापतो, तिच्यावर आपला गोल शिक्का उमटवतो आणि पुन्हा स्कॅन करून चढवतो. शिक्का राहतो, स्वाक्षरी नाहीशी होते, आणि सोबत अक्षरेही जातात. मूळ फाईल आहे तशी चढवावी. शिक्क्याची हौस जावक नोंदवहीत भागवावी.

चित्रफिती व ध्वनिफिती यांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. एमपी४ आणि एमपी३ पुरतात, आणि बोललेल्या गोष्टींचा मजकूर सोबत द्यावा. एके काळी फ्लॅश या प्रकारातील हलत्या पाट्यांची मोठी चलती होती. ३१ डिसेंबर २०२० रोजी तिच्या निर्मात्यानेच तिचा आधार काढून घेतला आणि त्या पाट्या बंद पडल्या. चकचकीत प्रकारांपेक्षा ज्यांचे प्रमाण खुले आणि प्रसिद्ध आहे ते प्रकार दीर्घकाळ टिकतात, असा माझा तरी अनुभव आहे. कायम जतन करायच्या कागदांसाठी पीडीएफ-ए हा उपप्रकार २००५ पासून प्रमाणित आहे. त्यात फाँट आतच ठेवावा लागतो.

नावांचे सांगायचे राहिले. ‘स्कॅन००१’, ‘नवीन’, ‘अंतिम’, ‘अंतिम-दुरुस्त’, ‘अंतिम-दुरुस्त-२’ ही नावे मी निरनिराळ्या तालुक्यांत पाहिली आहेत. नाव मराठीत द्यावे अशी आपली इच्छा असते आणि ती योग्यच आहे, परंतु दुव्यात उतरताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची नऊ रोमन चिन्हे होतात आणि तो दुवा निरोपात मावत नाही. फाईलचे नाव रोमन लिपीत लहानसे ठेवावे, त्यात विषय व दिनांक असावा. मराठी शीर्षक पानावर पूर्ण द्यावे.

चहापानानंतर आपण शेजारच्या संगणक कक्षात बसणार आहोत. आपापल्या कार्यालयाने गेल्या महिन्यात चढवलेली एक फाईल प्रत्येकाने उघडावी आणि तिच्यातील एक ओळ नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावी. ज्यांची ओळ येणार नाही त्यांनी पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी बसावे. मूळ टंकलिखित प्रत कोणाकडे आहे याचा शोध तेथूनच दूरध्वनीने घेऊ आणि जेवणापूर्वी निदान ती एक फाईल बदलून टाकू.